अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावरची जकात

मार्च ११८३. ग्रॅनाडाहून हजला निघालेला इब्न जुबैर जिनोव्हाच्या जहाजातून महिनाभर समुद्र सोसून अलेक्झांड्रियाला पोचला. जहाज धक्क्याला लागतं न लागतं तोच सुलतानाचे कारकून वर चढले. एकेका मुसलमान उतारूला पुढे बोलावून त्याचं नाव, वर्णन आणि मुलूख लिहून घेतला, जवळ माल किती आणि रोकड किती ते विचारलं आणि त्यावर जकात मागितली. मग सगळं सामान खाली उतरवलं. तिथे ही गर्दी. गाठोडी सोडली जात होती, कमरेच्या पट्ट्यात हात घालून झडती चालली होती, आणखी काही लपवलेलं नाही ना म्हणून शपथा घ्यायला लावत होते. त्या धांदलीत कित्येकांच्या वस्तू गहाळ झाल्या. इब्न जुबैरने हे सारं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे आणि ते लिहिताना तो चांगलाच तापलेला दिसतो.

मराठी वाचक हा प्रसंग वाचतो आणि सहज पुढे सरकतो. बंदर आहे, सरकारी माणसं आहेत, सामानाची उलथापालथ आहे, म्हणजे जकात असणारच. दहिसरला आणि मुलुंडला आपण दुसरं काय पाहिलं? पण इब्न जुबैरची तक्रार नीट वाचली की पाय अडखळतो. झडतीचा त्रास तो सांगतोच, पण त्याचा खरा आक्षेप वेगळा आहे. या पैशाला वर्ष झालं का, एवढंही कुणी विचारलं नाही, असं तो म्हणतो.

जकातीत वर्षाचा काय संबंध? नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकमधल्या कांद्याला वर्ष झालं का, असं आजवर कोणी विचारलं आहे? हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटतो आणि त्याला तो न विचारणं हा अन्याय वाटतो. शब्द मात्र दोघांचा एकच. या दोन समजुतींमधलं अंतर कुठे पडलं, कोणी पाडलं, हेच हे प्रकरण आहे. त्याचं सर्रास दिलं जाणारं उत्तर असं, की अरबीतला एक पवित्र शब्द हिंदुस्थानात आला आणि इथल्या सुलतानांनी, कारकुनांनी तो बिघडवला. माझ्या मते हे उत्तर चुकीचं आहे. शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी बदलला होता. ११८३ मधला हा धक्का त्याचा साक्षीदार आहे.

शब्दाची कुंडली

‘जकात’चा अरबी धातू झ-क-व. त्याचे दोन अर्थ जोडीने चालतात: वाढणं आणि निर्मळ होणं. पीक जोमाने आलं तरी हेच क्रियापद, माणूस शुद्ध झाला तरी त्याच धातूचं रूप. धर्मशास्त्र सांगणाऱ्यांनी हे दोन्ही अर्थ एकत्र बांधले. संपत्तीतला ठराविक हिस्सा काढून दिला की उरलेली शुद्ध होते आणि वाढते, अशी ती मांडणी. भाषेचे अभ्यासक आणखी मागे जातात. अरामी आणि सिरियाक भाषांत ‘झाखुथा’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ पुण्य, निर्दोषपण. कुराणात ‘जकात’ लिहिताना मधल्या ‘आ’च्या जागी ‘वाव’ हे अक्षर येतं, उच्चारात ते नसतं. ही जुनी लेखनपद्धत त्या अरामी नात्याकडे बोट दाखवते असं बरेच विद्वान मानतात.

शेवटचा ‘त’सुद्धा गमतीचा आहे. अरबीत वाक्याच्या शेवटी थांबताना हा शब्द ‘झकाह’ असा ऐकू येतो, पुढे शब्द जोडला की ‘त’ उमटतो. फारसीने तो ‘त’ कायमचा धरून ठेवला आणि आपल्याला शब्द फारसीच्या हातून मिळाला. दौलत, रयत, हरकत यांचा ‘त’ही असाच आलेला. आपण ‘जकात’चा ‘ज’ मात्र ‘जग’मधल्यासारखा दंत्य उच्चारतो, म्हणजे मूळ ‘झ’च्या बऱ्यापैकी जवळ राहतो. गुजराती माणूस तोच शब्द ‘जीवन’च्या ‘ज’ने म्हणतो.

आता अटी. सोनं २० दिनार किंवा चांदी २०० दिरहम एवढी किमान मालमत्ता हवी. ती एक पूर्ण चांद्रवर्ष मालकाच्या ताब्यात असायला हवी. मग तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, द्यायचा. आणि तो कुणाला द्यायचा हे राजाच्या मर्जीवर नाही. कुराणाच्या नवव्या अध्यायात आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. त्यात गरीब आहेत, गरजवंत आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेला प्रवासी आहे, गुलामांची सुटका आहे.

आणि त्याच यादीत जकात गोळा करणारे कामगारही आहेत. हा तपशील दानधर्माची गोड गोष्ट सांगणारे बहुतेक वगळतात. वसूल करणारा माणूस या शब्दाला पुढे कोणी चिकटवलेला नाही, तो पहिल्यापासून आत बसलेला आहे. इ. स. ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर काही टोळ्या म्हणाल्या की नमाज पढू पण जकात पाठवणार नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याशी युद्ध केलं. उंटाच्या पायाला बांधायची एक दोरी जरी रोखली तरी लढेन, हे त्यांचं बोलणं परंपरेत प्रसिद्ध आहे. तेव्हा ‘ऐच्छिक दानाचा सक्तीचा कर झाला’ ही कथाही जशीच्या तशी घेता येत नाही. सक्ती आधीपासून होती. बदललं ते दुसरंच काहीतरी.

वाटेवरचा माणूस

दुसरे खलिफा उमर यांच्या काळात एक नवा हुद्दा तयार झाला, ‘आशिर’. शब्दशः दहावा हिस्सा घेणारा. हा व्यापारी वाटेवर बसायचा. अबू युसूफ या काझींनी खलिफा हारून अल रशीदसाठी महसुलावर जो ग्रंथ लिहिला त्यात याची हकिकत आहे. सीमेपलीकडच्या मुलखात आपल्या व्यापाऱ्यांकडून दहावा हिस्सा घेतात, असं उमर यांना कळवण्यात आलं. उत्तर आलं, तुम्हीही त्यांच्या व्यापाऱ्यांकडून तेवढाच घ्या. राज्यातल्या बिगरमुस्लिम प्रजेकडून विसावा घ्या आणि मुसलमानाकडून चाळिसावा.

१०, ५ आणि अडीच टक्के. एकाच चौकीवर, एकाच माणसाच्या हातात तीन दर. धर्मशास्त्राच्या काटेकोर हिशेबात यातला फक्त शेवटचा दर जकात आहे, बाकीचे दोन साधे व्यापारकर आहेत. पण वही एक, तराजू एक, पेटी एक. अशा ठिकाणी तीन वेगळी नावं किती दिवस टिकणार?

जुन्या कायदेपंडितांना हा धोका दिसत होता असं वाटतं, कारण हनफी या सुन्नी कायदेपंथाच्या ग्रंथांत ‘आशिरच्या समोरून जाणाऱ्यांविषयी’ असं एक वेगळं प्रकरणच असतं. त्यात व्यापाऱ्याला दिलेली सवलत वाचण्यासारखी आहे. मुसलमान व्यापारी शपथेवर म्हणाला, की या मालाला अजून वर्ष झालेलं नाही, किंवा माझ्यावर कर्ज आहे, किंवा मी दुसऱ्या आशिरकडे भरून आलो आहे, तर त्याचा शब्द मानायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांनी, म्हणजे आठव्या शतकाच्या आरंभी, इजिप्तच्या वाटेवरच्या अधिकाऱ्याला पाठवलेली सूचनाही नोंदलेली आहे. वसूल केल्यावर लेखी पावती द्या, पुढच्या वर्षी याच वेळेपर्यंत चालेल अशी.

आता पुन्हा अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर या. तिथेही शपथ आहे. पण ती आता उतारूच्या सोडवणुकीसाठी राहिलेली नाही, त्याने काही दडवलं आहे का ते काढून घेण्यासाठी आहे. साडेचारशे वर्षांत शपथ उलटी फिरली. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच.

चांगला सुलतान, वाईट धक्का

यात एक आडवळण आहे. तेव्हा इजिप्तवर राज्य होतं सलाहुद्दीनचं, आणि अन्यायी कर हटवणारा सुलतान म्हणूनच त्याची ख्याती होती. अरबीत अशा बिगरशास्त्रीय करांना ‘मक्स’ म्हणतात. हाही अरामी कुळातलाच शब्द, बायबलच्या हिब्रू पाठात ‘मेखेस’ म्हणून भेटतो. मक्स घेणाऱ्याची धार्मिक परंपरेत फार निंदा आहे. फातिमी राजवट संपवल्यावर सलाहुद्दीनने इजिप्तमधले हे मक्स रद्द केले. हाजींवर माणशी साडेसात दिनारांचा कर होता, तोही उठवला आणि त्या बदल्यात मक्केच्या अमिराला धान्य व पैसा पाठवण्याची व्यवस्था केली. इब्न जुबैर याबद्दल त्याची तोंडभरून स्तुती करतो.

पण कर रद्द झाले तरी बंदर तिथेच होतं, कारकून तेच होते आणि खजिन्याला पैसा हवाच होता, धर्मयुद्धं चालू होती. मग चौकीवर घ्यायचं ते कोणत्या नावाने? निंद्य नाव बाद झाल्यावर शास्त्रसंमत नाव एकच उरलं. नाईलच्या वरच्या अंगाला अखमीम, कूस अशा गावांत इब्न जुबैरने पाहिलं, की नावा अडवून व्यापाऱ्यांच्या गोण्यांत लांब टोकदार सळया खुपसून आत काही आहे का ते चाचपतात, आणि हे सगळं जकातीच्या नावाखाली. सुलतानाला हे कळलं तर तो नक्की थांबवेल, असं तो बिचारा लिहितो. प्रत्येक काळातल्या नाक्यावर अडलेल्या माणसाला वरच्या साहेबाबद्दल असंच वाटत आलेलं आहे.

वर्षाची अट मात्र का गळली, याचं कारण मला कारकुनांच्या लोभापेक्षा साधं वाटतं. गोणीत सळई खुपसून माल कळतो, वजन कळतं, नग मोजता येतात. हा माल मालकाकडे किती दिवस आहे ते सळईला कळत नाही. जकात मुळात माणसाच्या वर्षभराच्या स्थितीवर बसलेली होती, चौकीवरून जातो तो फक्त माल. दारात बसून वसुली करायची ठरली की काळ मोजता येत नाही, मग तो प्रश्नच सोडून द्यावा लागतो. विसाव्या शतकातही हे पुन्हा घडलं. पाकिस्तानात १९८० मध्ये झिया उल हक यांच्या राजवटीने बँकेतल्या बचत खात्यांतून रमजानच्या आरंभी परस्पर अडीच टक्के जकात कापायला सुरुवात केली. खात्यातली रक्कम दिसते, तिचं वय पाहिलं जात नाही. शिया समाजाने इस्लामाबादेत मोठं आंदोलन करून त्यातून सूट मिळवली, आणि कपातीच्या आदल्या दिवशी पैसे काढून घेणं ही तिथली रीतच पडली.

दख्खनच्या वाटेवर

दिल्लीच्या सुलतानांकडे हा शब्द पोचला तो हाच, चौकीवरचा. फिरोजशाह तुघलकाच्या काळाबद्दल शम्स सिराज अफीफ लिहितो, की दिल्लीत व्यापारी माल आणून जकात भरायचे आणि त्यानंतर तोच माल पुन्हा खजिन्यात नेऊन ‘दांगाना’ नावाची आणखी एक वसुली व्हायची. फिरोजशाहने ती बंद केली. मुघल काळात औरंगजेबाने १६६५ मध्ये मालावरचा दर मुसलमान व्यापाऱ्यांना अडीच आणि हिंदूंना ५ टक्के असा ठरवला. म्हणजे आशिरच्या चौकीवरचे दोन आकडे जसेच्या तसे. दोन वर्षांनी मुसलमानांची जकात त्याने पूर्ण माफ केली. झालं काय, तर हिंदूंचा माल मुसलमानांच्या नावावर नाक्यातून जाऊ लागला, आणि पुढे अडीच टक्के पुन्हा लावावे लागले.

दक्षिणेत शब्द बहमनी आणि त्यांच्यानंतरच्या शाह्यांच्या फारसी दफ्तरातून मराठीत उतरला. कन्नडमध्ये तो ‘जकाती’ झाला. त्याआधी आपल्याकडे या कराला शब्द नव्हता असं नाही. संस्कृतातलं ‘शुल्क’ होतं, कन्नड शिलालेखांत ‘सुंक’ होतं. तरी जकात बसली ती पक्की. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, पण नाक्यावरच्या माणसाने जकात सोडली नाही.

सोडलीही नसती, कारण तोवर ती राज्याचं हत्यार झाली होती. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना मिठाविषयी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त, त्यामुळे उदमी तिकडे वळणार आणि संगमेश्वराकडचं आपलं मीठ पडून राहणार. म्हणून बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवायची की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडावं. आजच्या भाषेत संरक्षक आयातकर. यात दर धर्मावर ठरत नाही, माल कुठून आला त्यावर ठरतो. वर्षाची अट अलेक्झांड्रियात गळली होती, देणाऱ्याच्या धर्माची इथे गळली. आठ हक्कदार तर केव्हाच राजाच्या खजिन्यात विरघळले होते. उरला तो नाका.

पेशवाईत नाके फार वाढले. माल भरला तिथे ‘थळभरीत’, विकला तिथे ‘थळमोड’, आणि मधल्या वाटेवर ज्याच्या त्याच्या हद्दीत आणखी काही. नवी पेठ वसवायची असली की व्यापाऱ्यांना काही वर्षं जकात माफीचा कौल द्यायचा. बाकी ठिकाणी वसुली मक्त्याने दिलेली. एवढ्या नाक्यांशी एकेकट्याने हुज्जत घालणं शक्य नव्हतं, म्हणून ‘हुंडेकरी’ नावाची जमात उभी राहिली. ठरलेल्या एकरकमी पैशात वाटेतल्या सगळ्या जकाती आपण भरू आणि माल पोचता करू, असं ते घाऊक बोलून घेत. एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यावर लिहिलेल्या अहवालात त्यांचा उल्लेख आहे. जकातदार आणि हुंडेकरी ही दोन्ही आडनावं आजही आहेत. वसूल करणारा आणि त्याच्याशी तडजोड करणारा, दोघांनीही घराण्यांना नावं दिली.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यातल्या वाटेवरच्या जकाती १८३८ च्या सुमारास उठवल्या, पण गावात शिरणाऱ्या मालावरचा कर पुढे नगरपालिकांच्या हाती आला. त्याचं इंग्रजी कागदांतलं नाव ऑक्ट्रॉय. हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ ‘बहाल केलेलं’, म्हणजे राजाने गावाला वसुलीचा दिलेला हक्क. मराठीने त्याला विचार न करता जकात म्हटलं. एकाच नाक्याच्या पाटीवर दोन भाषांतले दोन शब्द आणि दोघांच्याही पोटात ‘देणं’, हा योगायोग मला आवडतो. फरक एवढाच की एका शब्दात देणारा भक्त होता, दुसऱ्यात देणारा राजा, आणि पाटीखाली उभा असलेला ट्रकवाला दोघांपैकी कोणीच नव्हता.

पुढचं बऱ्याच वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. रांगा, ठेकेदाराची माणसं, नुसतं शहरातून आरपार जाणाऱ्या गाड्यांना पारगमन शुल्क. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, त्यावर व्यापाऱ्यांचे बंद झाले. मुंबईची जकात सगळ्यांत शेवटी, ३० जून २०१७ च्या मध्यरात्री, वस्तू आणि सेवा कर येताना संपली. वर्षाला सुमारे ७ हजार कोटी रुपये देणारा तो कर होता. राज्यघटनेच्या राज्य सूचीतली ज्या ५२ व्या नोंदीवर तो उभा होता, तीच वगळली गेली. दुकानं, रिक्षाथांबे आणि पत्ते अजून ‘जुना जकात नाका’ म्हणून ओळखले जातात.

इतरांचं काय झालं

शब्दाचं असंच व्हायला हवं होतं, असं नाही. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीने ‘झाका’ घेतला आणि तिथे तो धर्माच्या कुंपणाबाहेर गेला तो वेगळ्याच वाटेने. स्वाहिली बायबलात चर्चला द्यायच्या दशांशाला झाका म्हणतात. तिथे देणाऱ्याचा धर्म बदलला, पण देण्यातली भक्ती राहिली. आपल्याकडे उलट झालं. मराठीच्या वाट्याला शब्द मशिदीतून आला नाही, कचेरीतून आला, आणि कचेरीत तो आधीच नाक्याचा झालेला होता.

त्याच्या भावंडांची गतही पाहण्यासारखी आहे. ‘महसूल’ सरळ मंत्रालयात जाऊन बसला. ‘खराज’ हा जमिनीवरचा कर आपल्याला इतिहासाच्या पुस्तकाबाहेर भेटत नाही, पण अरबीत ज्या धातूखाली तो लावतात, त्याच धातूचा ‘खर्ज’ फारसीतून आपला रोजचा ‘खर्च’ झाला. ‘जिझिया’ मात्र शिवीसारखा राहिला. कोणतीही फी वाढली की वर्तमानपत्रं अजून तिला जिझिया कर म्हणतात. जकातीला कोणी कधी शिवी केली नाही. लोक ती चुकवत राहिले, भरत राहिले, तिच्यावर कुरकुरत राहिले, इतकी ती घरची झाली.

एक ठिकाण असं होतं जिथे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या वहीत शेजारी यायचे. महाराष्ट्रातल्या मुसलमान व्यापाऱ्याला माल गावात आणताना नाक्यावर जकात भरावी लागे, त्याची पावती मिळे. आणि रमजानमध्ये तोच दुकानातला शिल्लक माल मोजून, स्वतःवरची देणी वजा करून, वर्ष झालं का ते पाहून, चाळिसावा हिस्सा काढावा लागे. इब्न जुबैरला हवा असलेला प्रश्न तो स्वतःच स्वतःला विचारत असे. नाक्यावर भरलेले पैसे मात्र रमजानच्या जकातीत धरता येत नाहीत. सरकारी कर भरल्याने जकात फिटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगत आले आहेत.